चुकलेल्या कामांचा रकाना

जनरेटरच्या धंद्यात मशीन विकून पोट भरत नाही. पोट भरतं ते सर्व्हिसिंगवर. मशीन एकदा विकलं की संपलं, पण त्याचं ऑइल बदलायचं, फिल्टर साफ करायचे, बॅटरीचं पाणी बघायचं हे वर्षानुवर्षं चालू राहतं. गिऱ्हाईक वर्षाचे पैसे आधी मोजतं आणि मग मिस्त्री महिन्याच्या महिन्याला येतो की नाही याच्यावर डोळा ठेवून बसतं.

इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत गेल्या आणि पुढच्या काही वर्षांत वीज जाण्याचं प्रमाण इतकं वाढलं, की जरा बरं चालणाऱ्या प्रत्येक दुकानाबाहेर एक जनरेटर साखळीनं बांधलेला दिसू लागला. एकानं माझ्या घरची चूल विझवली आणि दुसऱ्यानं ती पेटवली. आमचे बाबा मिलमध्ये साळखात्यात, मागांवर होते. मिल बंद झाली तेव्हा दादाची बी.कॉम.ची परीक्षा होऊन गेली होती आणि त्याला सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली होती. मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात एकाच पगारात सगळं भागणार नव्हतं, म्हणून मला काढून एका गॅरेजमध्ये घातलं. दादा तेव्हा एक शब्द बोलला नाही. तो काही म्हणाला असता तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. बहुतेक काहीच नाही. पण तो बोलला नाही हे मी धरून ठेवलं.

पुढे गॅरेजमधून जनरेटर दुरुस्ती, दुरुस्तीतून विक्री, असं करत मी स्वतःचं दुकान उभं केलं. दादानं सुदामा नगरात दोन खोल्यांचं घर बांधलं, मी त्याच्यानंतर त्याच्या दुपटीचं बांधलं. भाव करण्यात माझा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता, आणि तोंडाळ म्हणूनही मी तितकाच प्रसिद्ध होतो. माझ्याकडचा सगळ्यात जुना मिस्त्री मला भिया म्हणायचा आणि गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायचा, "भिया से भाव मत करना, भाव भी नहीं मिलेगा और चाय भी नहीं."

बाबा गेले आणि त्यांचं श्राद्ध दरवर्षी मार्गशीर्ष वद्य षष्ठीला दादाकडे होऊ लागलं. थोरला तो, त्यामुळे त्यात कोणाला काही विचारायचं नव्हतं. मी, माझी बायको, आम्ही सकाळी जायचो, जेवून यायचो. एका वर्षी ऐन वेळेला वीज गेली. वहिनींचं वड्यांचं पीठ मिक्सरमध्ये अर्धं वाटलेलं, घरात अंधार, आणि दादाच्या ऑफिसातले दोन साहेब जेवायला यायचे होते. मी हात-पाय धुऊन, धोतर नेसून पाटाजवळ बसलो होतो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच जरा कुठून जनरेटरचं बघता का? तुमचाच तर धंदा."

मी धोतरावर शर्ट चढवला, स्कूटर काढली, दुकानातून एक छोटा जनरेटर हातगाडीवर घालून आणला आणि तो अंगणात सुरू करून, हाताला लागलेलं तेल मातीनं घासून आत आलो. तोवर पिंडदान आटोपलं होतं. गुरुजी सामान आवरत होते. दादा म्हणाला, "वेळ टळत होती रे." मला तेव्हा जेवायला बसवलं ते शेवटच्या पंगतीला, कारण मध्येच जनरेटर बंद पडला आणि मी पुन्हा अंगणात गेलो. त्याच्या साहेबांपैकी एकानं मला हाक मारली ती "ओ मिस्त्री" अशी. दादानं ती ऐकली. आणि पुन्हा तो काही बोलला नाही.

महिनाभर मी ते मनात घोळवलं आणि एके दिवशी त्याच्या घरी जाऊन उभ्याउभ्याच सांगितलं, "पुढच्या वर्षीपासून बाबांचं माझ्याकडे."

दादा म्हणाला, "तुला वेगळं करायचं असेल तर कर की. गुरुजी म्हणतात, वेगळं राहणाऱ्या भावांना चालतं."

मला वेगळं नको होतं. माझ्या घरी हवं होतं, आणि दादानं तिथे पाहुणा म्हणून यायला हवं होतं. मी आवाज चढवला. बाबांच्या आजारपणात कोणाच्या स्कूटरवर बसून ते दवाखान्यात जायचे, हे काढलं. पॉलिटेक्निक काढलं. साहेबाचं "ओ मिस्त्री" काढलं. वहिनी आतून ऐकत होत्या. शेवटी दादा म्हणाला, "बरं. तुझ्याकडे. पण तिथी आधी कळवत जा, आम्हाला उपास असतो."

"कळवायचं काय त्यात? षष्ठी ती षष्ठी. तुम्ही या. आणि एक, मला आठवण करून द्यायला फोन करायचा नाही. मी काही लहान नाही."

"नाही करणार," तो म्हणाला.

एखादा सौदा मनासारखा झाला की मी तिथे चहा घेत नाही, उठून निघतो. तसाच निघालो. पहिल्या वर्षी सगळं थाटात केलं. दादानं यजमानाच्या पाटावर बसून सगळं केलं, मी त्याच्यामागे बसलो, पण घर माझं होतं, पंगत माझी होती, आणि वीज गेली तेव्हा माझ्याच जनरेटरनं दिवे लागले, कोणाला उठावं लागलं नाही.

त्याच सुमारास मी दुकानात कॉम्प्युटर घेतला. आजूबाजूचे सगळे घेत होते. हिशेबाचं काम तर त्याच्यावर चालायचंच, पण मला सर्व्हिसिंगची आठवण करून देणारा प्रोग्रॅम हवा होता. कोणाकडे आज मिस्त्री पाठवायचा ते सकाळी पडद्यावर दिसायला हवं. एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी मराठी मॅडम घरी असले प्रोग्रॅम बनवून द्यायची. वय तिशीचं, बोलणं मोजकं. तिनं आठ-दहा दिवसांत एक नमुना बनवून आणला. डावीकडे आजची कामं, मध्ये पुढची कामं आणि उजवीकडे एक लाल रकाना, त्याच्यावर लिहिलेलं, "राहिलेली कामं".

"हे काय?" मी विचारलं.

"एखादं काम त्या दिवशी झालं नाही तर ते इथे येऊन बसतं. केल्याशिवाय जात नाही."

"आणि पुढच्या महिन्याचं?"

"ते त्याच्या दिवशी येईलच."

"म्हणजे दोन दिसणार? मॅडम, एका इंजिनचं दोन महिन्यांचं ऑइल एकदम बदलतात का? मागच्या महिन्याचं राहिलं तर राहिलं. या महिन्यात बदललं की दोन्ही झालं."

ती म्हणाली, "सर, ऑइलचं खरंय. पण सगळीच कामं तशी नसतात ना. काही कामं चुकली तर ती चुकलीत हे तरी कळायला हवं."

मला तिचं म्हणणं कळलं होतं. पण त्याहून एक गोष्ट मला जास्त कळली. तो लाल रकाना दुकानात बसणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसणार होता. माझे मिस्त्री किती ठिकाणी वेळेवर जात नाहीत हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते लाल अक्षरांत टांगून ठेवायला मी कॉम्प्युटर घेतला नव्हता.

"हा रकाना काढा," मी म्हणालो. "जे गेलं ते गेलं, पुढचं दाखवा. चुकलं की आपोआप पुढची तारीख लागली पाहिजे. आणि एक अख्खा भाग कमी झाला, तेव्हा भावही खाली आणा."

"काढायलाही मेहनतच लागते, सर."

"वा! म्हणजे लावायचे पैसे वेगळे आणि काढायचे वेगळे? बढिया है."

ती हसली नाही. मी तासभर ओढून धरलं आणि तिला खाली आणलं. जाताना तिनं फक्त विचारलं, "नक्की काढायचा ना?" मी म्हटलं, "नक्की."

त्या कोऱ्या पडद्यानं मला फार फायदा करून दिला, हे लपवत नाही. कोणी तावातावानं आलं की, "तुमचा माणूस मागच्या महिन्यात फिरकला नाही," तर मी पडदा त्याच्याकडे वळवायचो. "बघा. तुमचं नाव बघा. पुढची तारीख लागलीये की नाही? बाकी काही दिसतंय? कॉम्प्युटर खोटं बोलतो का?" माणूस गोंधळायचा. कॉम्प्युटरसमोर तेव्हा भले भले नरम पडायचे. जुना मिस्त्री बाजूला उभा राहून गालात हसायचा.

दुसऱ्या वर्षी मी बाबांचं श्राद्धही त्यात घातलं. बायको म्हणाली, "भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवते." मी तिच्यावर खेकसलो, "सगळ्या शहराची सर्व्हिसिंग सांभाळतो तो, एक तिथी नाही सांभाळणार? तू त्यात डोकं घालू नको." तिथी इंग्रजी तारखेनं मागंपुढं सरकते हे मला माहीत होतं. म्हणून मागच्या वर्षीच्या तारखेच्या चांगली महिनाभर आधीची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, "बाबांचं श्राद्ध. पंचांग बघणे, गुरुजींना सांगणे." दरवर्षी. माझ्या हिशेबानं त्यात चूक व्हायला जागाच नव्हती.

ती आठवणीची तारीख आली तेव्हा मी गौतमपुऱ्याला होतो. गव्हाला पाणी द्यायचे दिवस. एका मोठ्या शेतकऱ्याचा जनरेटर बसला होता आणि मिस्त्रीला काही उमगत नव्हतं, म्हणून मी स्वतः गेलो. इकडे इंदुरात सकाळीच वीज गेली ती दिवस मावळेपर्यंत आली नाही. दुकानात उरलेला एकुलता एक जनरेटर मी आदल्या दिवशी एका लग्नाला भाड्यानं दिला होता. भाडं चांगलं येत होतं. म्हणजे जनरेटर विकणाऱ्याच्या दुकानात त्या दिवशी जनरेटर नव्हता आणि कॉम्प्युटर उघडलाच गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी येऊन पडदा लावला. आजची कामं, पुढची कामं. स्वच्छ. मी सांगितलं होतं तसं त्यानं बाबांचं काम चुकलं म्हणून गुपचूप उचलून पुढच्या वर्षीवर नेऊन ठेवलं होतं. मला काय दिसणार? मी मिस्त्र्यांना कामं वाटली आणि भजी मागवली.

त्यानंतरच्या दिवसांत मला बाबांचं आठवलंच नाही असं नाही. दोनदा आठवलं. दोन्ही वेळा मनात आलं, कॉम्प्युटर सांगेल.

षष्ठीच्या सकाळी दुकानात गर्दी होती. बायको तिच्या आईच्या आजारपणासाठी उज्जैनला गेलेली, घराला कुलूप. माझ्यासमोर कापडाचा एक व्यापारी बसला होता आणि मागच्या महिन्यात माणूस आला नाही म्हणून वर्षाच्या कराराचं नूतनीकरण करायला तयार नव्हता. त्याचं आणि माझं जोरात चाललं होतं. इतक्यात मिस्त्रीनं दारातून आवाज दिला, "भिया, बड़े भैया आए हैं. भाभी भी हैं."

दादा आत आला. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीतून दर्भाचं टोक बाहेर आलेलं. मागे वहिनी, त्यांच्याकडे टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. उपासानं दादाचा चेहरा उतरलेला असतो, त्याला पित्ताचा त्रास आहे.

"अरे, घराला कुलूप आहे," तो म्हणाला. "दुसरीकडे ठेवलंयस का? गुरुजी कुठे यायचेत?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हणालो, "कसले गुरुजी?"

वहिनींनी हातातला टॉवेल कुठे ठेवावा ते न कळून काउंटरवर ठेवला आणि सोडला. बाबांचा फोटो. ऑइल फिल्टरच्या दोन डब्यांच्या मध्ये, बाबा. दादाच्या घरच्या भिंतीवरचा तो फोटो गेल्या वर्षीही त्यांनी असाच आणला होता.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते. चुकलो, यापेक्षाही. मी सवयीनं पडदा दादाकडे वळवला.

"नाही, नाही," मी म्हणालो, "आज नाहीये. असतं तर आलं असतं ना इथे. बघ. आजच्यात आहे का? काही बाकी दिसतंय?"

दादानं चष्मा वर केला आणि वाकून वाचायला लागला. त्याला पडद्यावर वाचायची सवय नव्हती, बोट लावून एकेक ओळ तो खाली जात होता. मी त्याला मदत करायला म्हणून कळ दाबली आणि पुढची कामं खाली सरकवली. ती ओळ आली. बाबांचं श्राद्ध. समोर पुढच्या वर्षीची तारीख.

दादा ती वाचून सरळ झाला. म्हणाला, "हं."

कापडवाला व्यापारी सगळं बघत होता. मराठी त्याला पूर्ण येत नसेल, पण फोटो, दर्भ आणि माझं तोंड एवढं पुरे होतं. तो हळूच म्हणाला, "सेठ, तो कंप्यूटर झूठ बोलता है." मिस्त्री हसला नाही. तो हसला असता तर मी त्याच्यावर ओरडलो तरी असतो.

ओरडायला मला कोणीतरी हवं होतं. मी फोन उचलला आणि मॅडमला लावला. "काय बनवून दिलंत तुम्ही? माझ्या बापाचं श्राद्ध गेलं तुमच्यापायी!" ती पलीकडून म्हणाली, "सर, तो रकाना तुम्हीच काढायला लावला होता. जे गेलं ते गेलं, पुढचं दाखवा, असं म्हणाला होतात. मी जाताना पुन्हा विचारलंही होतं." आवाज चढवला नाही, घाबरलीही नाही. मी फोन आपटला.

मग गुरुजींना लावला. ते शेजारीच दुसऱ्या एका श्राद्धाला बसले होते, त्यांच्या मुलानं त्यांना फोनवर बोलावून आणलं. मी म्हटलं, गाडी पाठवतो, दक्षिणा तुम्ही म्हणाल ती, दुप्पट घ्या, पण आत्ता या. ते म्हणाले, "अहो, मी इथे एकाचं अर्धवट टाकून तुमच्याकडे कसा येऊ? तोही कोणाचा तरी बापच आहे. राहून गेलं तर येत्या एकादशीला करता येतं, नाहीतर अमावास्या आहे. शास्त्रात सोय आहे. घाबरू नका."

सोय आहे, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासारखी पोरं जन्माला येणार हे ज्यांनी कोणी आधीच ओळखून ठेवलं होतं, त्यांनी तोही रकाना ठेवला होता. मी मात्र भाव पाडून तो काढून घेतला.

मी फोन ठेवला. दादा म्हणाला, "एकादशीला ना? ठीक आहे. पण आज तिथी आहे, आज निदान पाणी तरी देऊ. तीळ आणलेत हिनं. चल, कुलूप काढ."

घरी गेलो. गच्चीवर टाकीच्या नळाशी दादानं धोतर नेसलं आणि मलाही म्हणाला, "नेस." कपाटातलं माझं धोतर मला सापडेना, तेव्हा मी पंचा गुंडाळला. त्यानं अनामिकेत दर्भाचं पवित्रक घातलं, एक मला करून दिलं. ओंजळीत तीळ घेऊन तो बाबांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घ्यायचा आणि पाणी सोडायचा. मी त्याच्यामागून म्हणायचो. पणजोबांचं नाव मला येत नव्हतं. त्यानं ते थांबून, हळू, पुन्हा सांगितलं. बस, एवढंच. "तुला एवढंही येत नाही का" असं तो म्हणाला असता तर मी उसळलो असतो, आमचं भांडण झालं असतं आणि मी त्यातून बाहेर पडलो असतो. तो तसं म्हणणाऱ्यातला नाही.

खाली वहिनी स्वयंपाकघरात एकेक डबा उघडत होत्या. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"भाऊजी, तांदूळ कुठे असतात?"

"त्या... वरच्या फळीवर असतील."

"त्यात रवा आहे. आणि मीठ?"

मी इकडेतिकडे बघितलं.

"मीठ तरी माहीत असेल वाटलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं. "ते कॉम्प्युटरात नाही का घातलंत?"

मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही मला जनरेटर आणायला पाठवलंत..." हे तेव्हा, तिथे, का बोललो ते मला सांगता येणार नाही. बहुतेक हातात असलेलं शेवटचं पान मी टाकून बघत होतो.

त्या गॅसकडे तोंड करून म्हणाल्या, "हो. आणि तुमचं पिंडदान चुकलं. मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, थांबा, ते येऊ देत. हे म्हणाले, गुरुजी थांबत नाहीत. त्या रात्री जेवले नाहीत ते. तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही उभ्याउभ्याच तर येता."

त्यांनी वरण-भात आणि दुधात तांदूळ शिजवून खीर केली. कावळ्यासाठी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळे आले. पहिलाच आला तो खिरीवर तुटून पडला. दादा म्हणाला, "बाबा रागावलेले दिसत नाहीत." मला त्याच्याकडे बघता आलं नाही. जेवताना त्याच्या पित्ताची आठवण येऊन मी फक्त विचारलं, "डोकं दुखतंय का?" तो म्हणाला, "थोडं."

जाताना मी त्यांना स्कूटरवर सोडतो म्हणालो, तर ते सवारीच्या टेम्पोनं जातो म्हणाले. फोटो पुन्हा टॉवेलात गुंडाळून वहिनींच्या हातात. दारात दादा वळला आणि म्हणाला, "मग एकादशीला सकाळी आठपर्यंत येऊ आम्ही. गुरुजींना तू सांग."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. ठरलंय ना आपलं."

मी आयुष्यात बऱ्याच सौद्यांत जिंकलो आहे. समोरचा कमी पडला की त्याला पुरतं कमी पाडायचं, हे मला गॅरेजमध्ये शिकवलेलं. दादाला आज सगळं परत घ्यायला कारण होतं, साक्षीदार होते, गिऱ्हाइकासमोर माझं तोंड बंद झालेलं होतं. त्यानं काहीच मागितलं नाही. तो ठरलेलं पाळत होता, मी फोन करू नको म्हणालो म्हणून त्यानं फोन केला नव्हता, आणि आताही तो तसाच उभा होता, दुखऱ्या डोक्यानं, टेम्पो थांबवून.

"नको," मी म्हणालो. "तुझ्याकडेच कर. यंदाही, पुढेही."

"अरे, एकदा राहिलं म्हणून..."

"तुझ्याकडेच," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. नेहमीचाच. तो ऐकून टेम्पोवाल्यानंही मान वळवली. दादा म्हणाला, "बरं. पण तू ये वेळेवर."

एकादशीला मी पहाटेच सुदामा नगरात गेलो. बायको उज्जैनहून थेट तिथेच आली. तिला सगळं कळलं होतं. ती वहिनींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन पुढच्या मार्गशीर्षाचं पान शोधायला लागली, आणि ते या वर्षीच्या कॅलेंडरात नसणार हे लक्षात येऊन परत आली. त्या दिवशीही वीज गेली. वहिनींनी पाटा-वरवंटा काढला आणि त्या नि माझी बायको आळीपाळीनं वाटत बसल्या. मला कोणी जागचं हलू दिलं नाही. दादानं पिंड उचलला तेव्हा मी त्याच्या दंडाला हात लावून बसलो होतो. गुरुजींनी तसं सांगितलं होतं, धाकट्यानं थोरल्याला हात लावून बसायचं. पुष्कळ वर्षांनी मी त्याला हात लावला होता. दंड सुकला होता.

मॅडमकडे मी पुढे गेलो. तो रकाना घालून द्या म्हणालो. तिनं भाव सांगितला, मी दिला. तिला आश्चर्य वाटलं असावं, ती दाखवत नसे. लाल रकान्यामुळे माझी काही गिऱ्हाइकं गेली, कापडवाला मात्र राहिला.

बाबांच्या त्या ओळीचं काय करायचं, ते तिनं विचारलं होतं. काढून टाकू? मी म्हटलं, राहू द्या, आणि तेवढी एक ओळ जुन्याच पद्धतीनं चालू द्या. तो कॉम्प्युटर चालला तोवर दरवर्षी ती ठरल्या दिवशी सकाळी पडद्यावर यायची. बाबांचं श्राद्ध. पंचांग बघणे, गुरुजींना सांगणे. पंचांग आता दादा बघायचा, गुरुजींना दादा सांगायचा. समोर "झालं" अशी कळ होती. मी ती कधी दाबली नाही, कारण ते मी केलेलं नसायचं. गिऱ्हाईक समोर असलं तरी पडदा वळवायचो नाही. दिवसभर ती ओळ तशीच ठेवायचो, संध्याकाळी दुकान बंद करताना कॉम्प्युटर बंद करायचो आणि दुसऱ्या दिवशी ती पुढच्या वर्षीवर गेलेली असायची.